फोन नंबरच्या बाजूने

न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या मराठी घरांत आणि इथल्या संगणक कंपन्यांत एका मताला सध्या कोणी हरकत घेत नाही. फोन नंबर हा तारांच्या जमान्याचा अवशेष आहे, इंटरनेटवरून बोलायला त्याची गरज नाही, आणि वेगवेगळ्या सेवांचं एकमेकींशी जमत नाही त्याला हे जुने आकडेच कारणीभूत आहेत, असं ते मत. मला ते चुकीचं वाटतं. इंटरनेट टेलिफोनीत सगळ्यांना सामाईक असलेला आणि कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचा नसलेला पत्ता आजही एकच आहे, तो म्हणजे फोन नंबर. बिघडतं ते नंबर अर्धा लिहिल्यामुळे, आणि त्यावरचा कॉल कुठे पोचवायचा ही माहिती कंपन्यांनी आपल्यापुरती ठेवल्यामुळे.

पूर्वपक्ष हलका नाही, म्हणून तो आधी पुरता मांडायला हवा. पहिला मुद्दा असा की इंटरनेटवर बोलण्यासाठी जी पद्धत घडली, त्या सिपमध्ये पत्ता ईमेलसारखा असतो: आधी नाव, मग ॲटचं चिन्ह, मग डोमेन. नाव लक्षात राहतं, आकडे राहत नाहीत, तर आकडे हवेत कशाला? दुसरा मुद्दा, नंबर गावाला बांधलेला असतो आणि गावाचा कोड बदलला की तोही बदलतो. याला आयसेलिनइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. १९४७ मध्ये एरिया कोड ठरले तेव्हा सगळ्या न्यू जर्सीला २०१ हा एकच कोड होता. १९९१ मध्ये हा भाग ९०८ मध्ये गेला आणि १९९७ मध्ये ७३२ मध्ये. ज्या कुटुंबाने घर बदललं नाही की फोन बदलला नाही, त्याचा पूर्ण नंबर सहा वर्षांत दोनदा बदलला. तिसरा मुद्दा, नंबरांना इंटरनेटच्या पत्त्यांशी जोडण्याचा एक मोठा प्रयत्न ईनम या नावाने झाला आणि तो फसला. चौथा, नंबर खोटा दाखवणं सोपं आहे, म्हणून त्यावर विश्वास टाकता येत नाही. या चारही मुद्द्यांना उत्तर आहे.

पहिल्या मुद्द्याची परीक्षा आयसेलिनच्या अगदी शेजारी होऊन गेली आहे. सिपचं पहिलं मानक मार्च १९९९ मध्ये आलं आणि आज चालतं ते मानक, आरएफसी ३२६१, जून २००२ मध्ये. त्याचे पहिले लेखक जोनाथन रोझेनबर्ग तेव्हा न्यू जर्सीतल्याच ईस्ट हॅनोव्हरच्या डायनॅमिकसॉफ्ट कंपनीत होते, आणि दुसरे, हेनिंग शुल्झरिन, नदीपलीकडे कोलंबिया विद्यापीठात शिकवत होते. नावाचे पत्ते देण्याची पूर्ण सोय त्यांनी करून ठेवली होती. २००२ मध्येच एडिसनच्या व्होनेज कंपनीने घराघरांत इंटरनेटचा फोन पोचवायला घेतला आणि ग्राहकांना दिला तो साधा दहा आकडी नंबर, कारण नंबर असलेल्या फोनवरूनच जगातला कुठलाही दुसरा फोन वाजवता येत होता. नावाच्या पत्त्याला मानकाची मान्यता होती, पण त्या पत्त्यावर फोन करू शकणारं जगात जवळजवळ कोणी नव्हतं. भारतातही तेच दिसतं. ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झालेल्या जिओच्या जाळ्यात जुनी टेलिफोन पद्धत मुळातच नाही. तिथला एकूण एक व्हॉइस कॉल सिपवरूनच जातो आणि तो लावला जातो नंबरानेच. चाळीस कोटींहून अधिक ग्राहक इंटरनेट पद्धतीच्या जाळ्यावर नंबर घेऊन बोलत असताना नंबर आणि इंटरनेट एकत्र नांदू शकत नाहीत, असं कसं म्हणता येईल?

व्हॉट्सॲपचं उदाहरण तर पूर्वपक्षावरच उलटतं. २००९ मध्ये निघालेल्या या सेवेने नवं नाव घ्यायला लावलं नाही. तुमच्या फोनमधली नंबरांची यादी हाच तिचा पाया झाला. प्रत्येकाचं खातं उघडतं ते देशाच्या कोडासकट त्याच्या नंबरावर. ज्यांना आपण नंबराचा पर्याय समजतो, ती ॲप नंबरावरच उभी आहेत.

नावाच्या पत्त्यांचं पुढे काय होतं, हेही आपण पाहिलं आहे. याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ ला बंद झाला. स्काइप ५ मे २०२५ ला बंद झालं. इथल्या किती तरी जणांच्या आई-वडिलांनी नातवंडांची पहिली पावलं पुण्या-साताऱ्यात बसून स्काइपवरच पाहिली. त्या सगळ्यांची स्काइपची नावं एका कंपनीच्या निर्णयासरशी निरुपयोगी झाली, कारण ती नावं त्या कंपनीच्या घराबाहेर कुठे चालतच नव्हती. नंबराचं तसं होत नाही. अमेरिकेत नोव्हेंबर २००३ पासून मोबाइल नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करता येतो, आणि २००७ मध्ये संघीय संचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, हा हक्क इंटरनेट टेलिफोनीच्या ग्राहकांनाही दिला. भारतात २० जानेवारी २०११ पासून तो देशभर आहे, आणि जुलै २०१५ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातानाही नंबर सोबत नेता येतो. कंपनी सोडली तरी आपल्याबरोबर येणारा दुसरा कोणता पत्ता सामान्य माणसाच्या हातात आहे? स्वतःच्या मालकीचं डोमेन घेऊन त्यावर फोनचा पत्ता चालवणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावी लागतील.

आता कोड बदलण्याचा मुद्दा. तो खरा आहे, पण तो जुन्या काळाचा आहे. पूर्वी एक्सचेंजमधलं यंत्र आकडे वाचूनच वाट ठरवत असे. नंबर हेच नाव आणि नंबर हाच रस्ता, त्यामुळे रस्ता फुटला की नाव बदलावं लागे. पुण्याचा एसटीडी कोड ०२१२ होता, तो ०२० झाला. मुंबईच्या सात आकडी नंबरांना पुढे २ लावून आठ आकडे करावे लागले. पोर्टेबिलिटी आली आणि ही गाठ सुटली. आज आयसेलिनचा एखादा नंबर डायल झाला की कंपनी आधी सामाईक नोंदवहीत पाहते की तो सध्या कोणाकडे आहे. तिथून तिला वाटेसाठी वेगळा नंबर मिळतो, आणि कॉल त्या दुसऱ्या नंबराच्या आधाराने जातो. अमेरिकेची ही नोंदवही २०१८ पासून आयकनेक्टिव्ह ही कंपनी सांभाळते, बालाजी मंदिरामुळे इथल्या मराठी माणसाला ठाऊक असलेल्या ब्रिजवॉटरमध्ये तिचं मुख्यालय आहे. इंटरनेट टेलिफोनीच्या पत्त्यातही या वाटेच्या नंबरासाठी वेगळी जागा आहे, ती २००६ मध्ये आरएफसी ४६९४ ने नेमून दिली. माणसाचा नंबर एका जागी आणि वाट दुसऱ्या जागी. २००१ मध्ये ७३२ चे नंबर पुन्हा अपुरे पडू लागले, तेव्हा भाग तोडला नाही. त्याच भागावर ८४८ हा दुसरा कोड चढवला. जुन्या नंबरांपैकी एकही बदलला नाही, फक्त शेजारच्या घरी फोन करतानाही दहा आकडे दाबावे लागू लागले.

या दहा आकड्यांपाशी खरा दोष सापडतो. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी असतो आणि तो ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. न्यू जर्सीतला नंबरही दहा आकडी असतो आणि इथले ९०८, ९७३, ८४८, ७३२ हे कोडही त्याच आकड्यांनी सुरू होतात. समजा भारतातून आणलेल्या फोनमध्ये मामाचा नंबर ९०८२ ने सुरू होणारे दहा आकडे असा साठवलेला आहे. मुंबईत तो मामाचाच नंबर आहे. आयसेलिनमध्ये अमेरिकी सिम टाकून तेच आकडे लावले की जाळं त्यातले पहिले तीन आकडे मध्य न्यू जर्सीचा कोड म्हणून वाचतं, आणि तो नंबर कोणाला दिलेला असेल तर एलिझाबेथ किंवा प्लेनफिल्डमधल्या अनोळखी घरात घंटा वाजते. आकडे तेच, क्रम तोच, माणूस वेगळा. गावाचं नाव न घालता फक्त घर क्रमांक लिहून टाकलेल्या पाकिटाचं जे होईल, तेच या कॉलचं होतं.

यात नंबराची चूक कुठे आहे? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ई.१६४ या शिफारशीनुसार पूर्ण नंबर देशाच्या कोडापासून सुरू होतो आणि जास्तीत जास्त पंधरा आकड्यांत संपतो. पुढचं अधिकचिन्ह एवढंच सांगतं की इथून देशाचा कोड सुरू. +९१ लावलेला मामाचा नंबर आणि +१ लावलेला प्लेनफिल्डचा नंबर यांची गल्लत जगात कुठेही होऊ शकत नाही. या चिन्हाशिवाय जे उरतं, तो ठरावीक देशातून कसं डायल करायचं याचा सांगावा असतो, पत्ता नव्हे. ०२० मधला पहिला शून्य हा असाच सांगावा आहे. अमेरिकेतून बाहेर फोन करताना दाबायचे ०११ आणि भारतातून दाबायचे ०० हेही त्याच जातीचे. १५ जानेवारी २०२१ पासून भारतात लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी ० दाबणं सक्तीचं झालं, म्हणजे सांगावा बदलला. पत्ता होता तसाच राहिला. ओक ट्री रोडवरचा एखादा व्यापारी पुण्याच्या शाखेचा नंबर कार्डावर छापताना +९१ च्या पुढे कंसात शून्य आणि मग २० असं लिहितो, तेव्हा पत्ता आणि सांगावा एकात मिसळतात. एक कंपनी तो शून्य गाळून कॉल लावते, दुसरी गाळत नाही आणि कॉल पडतो. ई.१२३ ही शिफारस आंतरराष्ट्रीय नंबरात कंस वापरू नका म्हणते, ती याचसाठी.

संगणकाच्या आतही हीच चूक होते. फोन नंबराचा इंटरनेटवरचा पत्ता दोन प्रकारांनी लिहिता येतो. एक टेल पद्धत, जी शुल्झरिन यांनी डिसेंबर २००४ मध्ये आरएफसी ३९६६ मध्ये पक्की केली. आपल्या अक्षरांत लिहायचं तर टेल:+१-७३२-५५५-०१४२. यात कुठल्याही कंपनीचं नाव नाही. दुसरी सिप पद्धत: नंबर, ॲटचं चिन्ह आणि कंपनीचं डोमेन. या दुसऱ्या प्रकारात ॲटच्या आधी जे काही लिहिलं आहे त्याचा अर्थ लावण्याचा हक्क फक्त त्या डोमेनच्या मालकाला असतो. तिथे १०१ असेल, तर ते ऑफिसातलं एक्स्टेंशन आहे की आकड्यांचंच नाव घेतलेला ग्राहक आहे, हे बाहेरच्याला कळू शकत नाही. म्हणून हा फोन नंबर आहे असं सांगणारी वेगळी खूण सिपच्या पत्त्यात जोडावी लागते. तशीच टेल पद्धतीत अपुऱ्या, स्थानिक नंबराला त्याचा संदर्भ, म्हणजे देशाचा कोड किंवा संस्थेचं डोमेन, जोडणं बंधनकारक आहे. मानकं इतकी स्पष्ट असूनही किती तरी प्रणाली ही खूण आणि हा संदर्भ दोन्ही गाळतात आणि उरलेले आकडे पुढे ढकलतात. पलीकडची कंपनी आपल्या देशाप्रमाणे अंदाज बांधते.

त्याहून बारीक एक जागा आहे. टेल पद्धतीत आकड्यांमधल्या आडव्या रेघा फक्त वाचणाऱ्याच्या सोयीसाठी असतात. रेघांचा आणि बिनरेघांचा नंबर एकच मानायचा, असा नियम आहे. सिपच्या पत्त्यात मात्र ॲटच्या आधीचा भाग अक्षर अक्षर जुळवला जातो. त्यामुळे टेलमध्ये एक असलेले दोन नंबर जसेच्या तसे सिपमध्ये उतरवले की ते दोन वेगळे पत्ते होतात. आरएफसी ३२६१ ने हा धोका सांगून ठेवला आहे आणि उपायही दिला आहे: उतरवण्याआधी रेघा काढा. यावर सर्रास केला जाणारा जुगाड असा की शेवटचे दहा आकडे तेवढे जुळवायचे. एकाच देशात तो बहुधा निभावतो. ज्या घराचे निम्मे नातेवाईक +९१ वर आणि निम्मे +१ वर आहेत, तिथे तो मामाला आणि प्लेनफिल्डच्या अनोळखी माणसाला एकच ठरवतो.

ईनमच्या अपयशाचा मुद्दा पूर्वपक्षाचा सर्वांत मजबूत समजला जातो. कल्पना सुंदर होती. इंटरनेटवरची नावं शोधून देणाऱ्या डीएनएस यंत्रणेतच नंबर घालायचे. आयसेलिनचा आपला नमुन्याचा नंबर उलटा करून मध्ये ठिपके दिले की २.४.१.०.५.५.५.२.३.७.१ असं होतं, आणि त्याच्या पुढे ई१६४.अर्पा हे ठरलेलं शेपूट. उलटा अशासाठी की डीएनएसमध्ये मोठा विभाग उजवीकडे असतो आणि नंबरात तो, म्हणजे देशाचा कोड, डावीकडे. त्या नावावर विचारणा केली की या नंबरापर्यंत इंटरनेटवरून कसं पोचायचं याचं उत्तर मिळावं. २००० मध्ये याचं पहिलं मानक आलं, २०११ मध्ये सुधारित. ऑस्ट्रियाने २००४ मध्ये ते प्रत्यक्ष सेवेत आणलं. मग अमेरिकेत ते का रुजलं नाही? +१ हा कोड अमेरिका, कॅनडा आणि कॅरिबियनमधले अनेक देश वाटून घेतात, त्यामुळे या नोंदींची व्यवस्था कोणाच्या हाती द्यायची यावर एकवाक्यता होणं जड गेलं. त्याहून मोठं कारण धंद्याचं होतं. कॉल आपल्या जाळ्यात उतरवून घेण्याचे पैसे कंपन्यांना मिळत होते, उघड्या नोंदवहीत नंबर घालून ती वाट सगळ्यांना फुकट दाखवण्यात त्यांचा फायदा नव्हता. सगळ्या नोंदी उघड्यावर असल्या तर नको त्या कॉलवाल्यांचं फावेल, ही भीतीही रास्त होती. पण तंत्र म्हणून ईनम मेलं नाही. मोबाइल कंपन्यांच्या आजच्या व्हॉइस जाळ्यांत नंबरावरून सिपचा पत्ता काढायला तेच वापरलं जातं, फक्त नोंदवही कंपन्यांच्या आपसांतली असते आणि तिचं दार बाहेरच्यांना बंद असतं. जे कंपन्यांच्या आत चालतं आणि बाहेर चालू दिलं जात नाही, त्याला नंबराचं अपयश कसं म्हणायचं? ते मालकीचं भांडण आहे.

राहिला खोट्या नंबरांचा मुद्दा. तो गंभीर आहे. पोलिस असल्याची बतावणी करून म्हाताऱ्या माणसांना लुटणारे कॉल इथेही येतात आणि महाराष्ट्रातही. पण नाव खोटं दाखवणं नंबर खोटा दाखवण्याइतकंच सोपं असतं, हे ईमेल वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. उपाय पत्त्याचा प्रकार बदलण्यात नाही, पत्त्यावर सही घेण्यात आहे. अमेरिकेत डिसेंबर २०१९ मध्ये तसा कायदा झाला आणि ३० जून २०२१ पर्यंत मोठ्या कंपन्यांना स्टर-शेकन ही पद्धत लावावी लागली. जिथून कॉल निघतो ती कंपनी नंबरावर डिजिटल सही करते. खात्री असेल तेव्हा, हा आमचा ग्राहक आहे आणि हा नंबर वापरण्याचा त्याला हक्क आहे, असं ती स्वतःच्या जबाबदारीवर सांगते, आणि पलीकडची कंपनी सही तपासते. या पद्धतीचं मानक, आरएफसी ८२२४, सही करण्याआधी नंबर एका ठरावीक रूपात आणायला लावतं: रेघा काढा, देशाचा कोड घाला. सही करणाऱ्याने एक रूप धरलं आणि तपासणाऱ्याने दुसरं, तर खरी सहीही खोटी ठरते. म्हणजे सुरक्षितताही शेवटी नंबर पूर्ण लिहिण्यावरच येऊन थांबते.

ही सही अजून समुद्र ओलांडत नाही. भारताने २२ ऑक्टोबर २०२४ ला परदेशातून +९१ चा नंबर दाखवत येणारे बनावट कॉल अडवणारी यंत्रणा सुरू केली. दूरसंचार विभागाने सांगितलं की पहिल्या चोवीस तासांतच असे सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल पकडले गेले. ते अडवणं योग्यच होतं. पण सही तपासण्याची सोय नसल्याने यंत्रणेला इतकंच पाहता येतं की नंबर भारतीय आहे, कॉल बाहेरून आला आहे, आणि हे सिम खरोखर परदेशी फिरतीवर आहे की नाही. अमेरिकेची सही भारतात आणि भारताची सही अमेरिकेत वाचली जाईल अशी व्यवस्था झाली, तर खरा माणूस आणि ठग वेगळे काढता येतील. ती व्यवस्था नंबरावरच बांधावी लागेल. दोन देशांत दुसरा कोणताही पत्ता सामाईक नाही.

पूर्वपक्षातलं घेण्यासारखं घेतलंच पाहिजे. सोडून दिलेला नंबर काही काळाने दुसऱ्याला दिला जातो, भारतात किमान ९० दिवसांनी, अमेरिकेत किमान ४५ दिवसांनी. म्हणून बँकेने किंवा ॲपने नंबर हीच कायमची ओळख मानणं धोक्याचं आहे. नंबर हा पोचण्याचा पत्ता आहे, कुलपाची किल्ली म्हणून तो बनलेला नाही. तसंच संकटात मदतीसाठी लावायचे ९११ किंवा ११२ हे पत्ते नव्हेतच. त्या सेवा आहेत आणि जिथे माणूस उभा आहे तिथलं केंद्र त्यांना लागतं. ७३२ चा नंबर लॅपटॉपवर घेऊन दुसऱ्या राज्यात गेलेल्या माणसाचा ९११ कॉल कुठे पोचवायचा, हे नंबर सांगू शकत नाही. म्हणूनच एफसीसीने मे २००५ मध्ये इंटरनेट टेलिफोनी कंपन्यांवर ही जबाबदारी टाकली, आणि २००८ मध्ये अशा सेवांना नंबरांपासून वेगळं असं स्वतःचं पत्त्याचं रूप मिळालं. नंबराच्या बाजूने बोलायचं म्हणजे त्याच्या मर्यादाही स्पष्ट आखायच्या.

मग करायचं काय? ज्याच्या हातात फोन आहे त्याने प्रत्येक नंबर अधिकचिन्हापासून साठवावा, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमधले नंबरही बसून तसे करून द्यावेत. जे सॉफ्टवेअर लिहितात, आणि आयसेलिन-एडिसन भागात अशी मराठी माणसं पुष्कळ आहेत, त्यांनी नंबर घेतानाच देश विचारून तो पूर्ण रूपात ठेवावा, एक्स्टेंशनला त्याचा संदर्भ द्यावा, सिपच्या पत्त्यात फोन नंबराची खूण न विसरता घालावी, आणि शेवटचे दहा आकडे जुळवण्याचा जुगाड आपल्या हातून तरी थांबवावा. कंपन्यांकडून आणि दोन्ही सरकारांकडून मागायचं ते असं: पोर्ट करण्याचा हक्क कायम राहावा, नंबरावरून वाट काढण्याची माहिती लहान कंपन्यांनाही रास्त अटींवर मिळावी, आणि नंबरावरची सही देशाची हद्द ओलांडून चालावी.

शेजारच्या मेन्लो पार्कमध्ये १८७७ साली एडिसन यांनी टेलिफोनचा आवाज दूरवर जाईल असा कार्बनचा प्रेषक घडवला. १० नोव्हेंबर १९५१ ला याच राज्यातल्या एंगलवूडच्या महापौरांनी ऑपरेटरची मदत न घेता दहा आकडे फिरवून थेट कॅलिफोर्नियाला फोन लावला. तेव्हापासून आजवर कुठल्याही कंपनीच्या ग्राहकाने कुठल्याही दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला हाक मारावी आणि ती पोचावी, हा सार्वजनिक करार नंबरामुळे टिकून आहे. तो मोडीत काढायला निघालेल्यांनी आधी सांगावं की त्याच्या जागी येणारा पत्ता कोणाच्या मालकीचा असेल, आणि ती कंपनी बंद पडली तर आपल्या माणसांपर्यंत आपण कसे पोचणार. याचं समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत नंबर सांभाळणं आणि तो पूर्ण लिहिणं, यातच आपलं हित आहे.